बोधगयेची किल्ली कुणाच्या हाती? तेवीसशे वर्षांचा एक अभ्यास





१२ फेब्रुवारी २०२५ रोजी बोधगयेत ऑल इंडिया बुद्धिस्ट फोरमच्या वतीने भिक्खूंनी बेमुदत उपोषण सुरू केले. पुढे त्यांना महाविहाराजवळून दोमुहान येथे हलवण्यात आले आणि आंदोलन तिथे सुरू राहिले. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ, पत्रके आणि संतप्त संदेशांचा पूर आला होता. आपली इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकणारी मुले ते पाहून एक साधा प्रश्न विचारतात, "बुद्धांना जिथे ज्ञान मिळाले ती जागा बौद्धांकडे का नाही?"

या प्रश्नाला आपण बहुतेक एका वाक्यात उत्तर देतो आणि ज्याचे-त्याचे वाक्य वेगळे असते. कुणी शशांकाचे नाव घेतो, कुणी बख्तियार खिलजीचे, कुणी महंतांचे, कुणी इंग्रजांचे, तर कुणी १९४९ च्या कायद्याचे. प्रत्येकात थोडे तथ्य आहे, पण एकट्याने कुणीच पुरे पडत नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. तो नियम आपल्या बाजूच्या ऐकीव गोष्टींनाही लागू होतो. म्हणून या पाठात आपण बोधगयेचा इतिहास राज्यकर्त्यांच्या क्रमाने पाहू. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारायचे: तिथे वंदना कोण करत होते? आणि तिथला कारभार कोण ठरवत होते?

१. अशोकापासून गुप्तांपर्यंत

सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात नोंदवले आहे की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो 'संबोधी'ला, म्हणजे बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला. हा काळ इ.स.पू. २६० च्या आसपासचा. राजांच्या शिकारीच्या सहलींऐवजी आपण धम्मयात्रा सुरू केली, असे तो त्यात सांगतो. याच आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला सापडला. बोधगयेचा पहिला लेखी पुरावा असलेला मजकूर त्या काळी कोकणच्या किनाऱ्यावरही कोरला गेला होता, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक बौद्ध मुलाला माहीत असायला हवी.

अशोकानंतर मौर्य गेले, पण स्थान ओस पडले नाही. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास बोधिवृक्षाभोवती दगडी कठडा उभा राहिला. त्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत आर्या कुरंगी हे एका स्त्रीचे नाव पुन्हा पुन्हा येते. राजा कोण होता हे शोधावे लागते, पण उपासिकेचे नाव दगडावर आजही वाचता येते.

गुप्त राजे स्वतः वैष्णव. तरीही समुद्रगुप्ताच्या काळात सिंहलच्या मेघवर्ण राजाने परवानगी मागितली आणि बोधगयेत सिंहली भिक्खूंसाठी विहार उभा राहिला. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्खू फाहियान आला तेव्हा तिथे तीन संघाराम नांदत होते. इ.स. ५८८ च्या सुमारास महानामन या सिंहली भिक्खूने तिथे बुद्धांसाठी वास्तू बांधल्याचा शिलालेख आहे. म्हणजे राज्य वैष्णव राजाचे, वास्तव्य परदेशी भिक्खूंचे आणि कारभार संघाचा. राजाचा धर्म वेगळा असूनही स्थान बौद्धांचे राहू शकते, हे बोधगयेने दीड हजार वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

२. शशांक, पूर्णवर्मा आणि पाल

सातव्या शतकात ह्युएन त्संग आला. त्याने लिहून ठेवले आहे की गौडाच्या शशांक राजाने बोधिवृक्ष तोडला, मुळे खणून जाळली आणि बुद्धमूर्तीच्या जागी महेश्वराची मूर्ती बसवण्याचा हुकूम दिला. ज्या अधिकाऱ्यावर हे काम सोपवले, त्याचे मन धजावेना. त्याने मूर्तीपुढे विटांची भिंत उभारली आणि भिंतीवर महेश्वराचे चित्र काढून हुकूम पाळल्याचे दाखवले. पुढे मगधाच्या पूर्णवर्म्याने वृक्षाची निगा राखून तो पुन्हा वाढवला. ह्युएन त्संग शशांकाच्या विरोधकाचा, हर्षवर्धनाचा पाहुणा होता, म्हणून काही इतिहासकार हे वर्णन सावधपणे वाचतात. आपणही तसेच वाचावे. पण पाडणारा आणि सांभाळणारा हे दोघेही त्याच भूमीतले होते, हे त्यातून दिसते.

आठव्या ते बाराव्या शतकांत पाल राजांनी बौद्ध धम्माला आश्रय दिला. याच काळातला एक शिलालेख आपल्याला थोडा अडचणीचा वाटेल. धर्मपाल राजाच्या २६ व्या वर्षी केशव नावाच्या, एका शिल्पकाराच्या मुलाने महाबोधीच्या परिसरात चतुर्मुख महादेवाची स्थापना केली आणि तीन हजार द्रम्म खर्चून तलाव खोदला. बौद्ध राजाच्या राज्यात, बौद्ध स्थानी, महादेव. हा पुरावा महंतांच्या बाजूने मांडला जातो. तो लपवण्याचे कारण नाही. तिथे इतर कुणीही कधीच हात जोडले नाहीत असे आपण म्हणतच नाही. त्या महादेवामुळे महाविहाराचा कारभार संघाच्या हातून गेला नव्हता, एवढेच आपले म्हणणे आहे. वंदनेची मोकळीक आणि व्यवस्थापनाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

३. तुर्क आले, पण सगळे एका दिवसात संपले नाही

बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांनी मगधातले विहार उद्ध्वस्त झाले. इ.स. १२३४ मध्ये तिबेटी भिक्खू धर्मस्वामी बोधगयेला पोचला तेव्हा तिथे फक्त चार भिक्खू उरले होते. सैनिकांच्या भीतीने मुख्य मूर्तीचा दरवाजा विटांनी बंद करून लिंपला होता आणि वरून महेश्वराचे चित्र काढले होते. सहाशे वर्षांपूर्वीची शशांकाच्या काळातली युक्ती पुन्हा कामी आली होती.

इथेच बोधगया संपली असे आपण समजतो. पण इ.स. १२९५ ते १२९८ या काळात बर्मी लोकांनी महाविहाराची दुरुस्ती केल्याचा बर्मी भाषेतला शिलालेख तिथे सापडला आहे. दिल्लीत तेव्हा अलाउद्दीन खिलजीची कारकीर्द सुरू होत होती. म्हणजे तुर्की स्वाऱ्यांनंतर शंभर वर्षांनीही समुद्रापलीकडचे बौद्ध येत होते, खर्च करत होते, दिवे लावत होते. महाविहार एका घावात गेला नाही. आसपासचे विहार गेले, त्यांना पोसणारी गावे गेली, स्थानिक उपासक उरले नाहीत, भिक्खू तिबेट-नेपाळकडे गेले. माणसे संपत गेली तशी जागा हातातून निसटत गेली.

४. महंत आणि इंग्रज

सुमारे १५९० मध्ये घमंडी गिरी हा दशनामी शैव गोसावी बोधगयेत येऊन राहिला. त्याच्या परंपरेतून मठ वाढला आणि मठाकडे जमिनी आल्या. मुघल बादशाह मुहम्मदशाहाच्या काळात, १७२७ मध्ये, मस्तीपूर-तारडीह हे गाव आपल्याला सनदेने मिळाले आणि महाविहार त्याच हद्दीत येतो, असा महंतांचा दावा होता. इथे कारभाराचा प्रश्न पहिल्यांदाच संघाकडून जमीनदाराकडे गेला. त्यासाठी लढाई झाली नाही. रिकाम्या जागेवर माणूस बसला, त्याला कागद मिळाला आणि त्या कागदाचा हक्क झाला.

१८११ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा बुकानन-हॅमिल्टन आला तेव्हा वास्तू मोडकळीला आली होती. बर्मी लोक मात्र अधूनमधून येतच होते. १८७७ मध्ये बर्माचा राजा मिंडोन याच्या माणसांनी दुरुस्ती सुरू केली. महंत हेमनारायण गिर यांनी त्याला संमती दिली होती, हेही नोंदवायला हवे. दुरुस्तीच्या पद्धतीवर आक्षेप आले, तेव्हा सरकारने राजेंद्रलाल मित्र यांना पाहणीसाठी पाठवले. मग अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जोसेफ बेगलर यांनी १८८४ पर्यंत जीर्णोद्धार पूर्ण केला. अवशेषांत सापडलेल्या महाविहाराच्या एका छोट्या दगडी प्रतिकृतीचा त्यांना आधार मिळाला. सुमारे ५० मीटर उंचीची आजची वास्तू आपण पाहतो ती या कामामुळे. इंजिनियर म्हणून मला याचे कौतुक वाटते. पण सरकारने वास्तू दुरुस्त केली, तरी हक्काचा प्रश्न तसाच ठेवला.

या कामाचा एक दुवा आपल्या शहरात आहे. वज्रासनाखाली कनिंगहॅम यांना मौल्यवान खडे, मोती आणि कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्याचा ठसा सापडला. तो ठेवा आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

५. अनागारिक धम्मपाल आणि एक खटला

'लाइट ऑफ एशिया' लिहिणारे एडविन अर्नोल्ड १८८० च्या दशकात बोधगयेला गेले आणि हे स्थान बौद्धांना परत मिळावे अशी मागणी त्यांनी इंग्लंडमध्ये लावून धरली. त्यांचे लिखाण वाचून सिंहलचे तरुण अनागारिक धम्मपाल जानेवारी १८९१ मध्ये बोधगयेला आले आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली.

२५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती महाविहाराच्या वरच्या मजल्यावर बसवण्याचा प्रयत्न केला. महंतांच्या माणसांनी ती उचलून बाहेर ठेवली. गयेच्या मॅजिस्ट्रेटने तिघांना शिक्षा दिली आणि सत्र न्यायालयात ती कायम राहिली, पण ऑगस्ट १८९५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बौद्धांना वंदनेला येण्यापासून कुणी अडवत नव्हते. ताबा मात्र महंतांचा.

आपल्यापैकी अनेक जण आयटीत आहेत, त्यांना हे एका वाक्यात समजेल: आपल्याला लॉगिन मिळाले, अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले नाहीत. १८९५ पासून आजपर्यंतचा सगळा वाद या एका फरकाचा आहे. "तुम्हाला दर्शनाला कोण अडवते?" असे कुणी विचारले तर हेच उत्तर द्यावे.

पुढे लॉर्ड कर्झन यांनी १९०३ मध्ये लक्ष घातले, पण तोडगा निघाला नाही. काँग्रेसने १९२४ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्यावर चौकशी सोपवली आणि हिंदू-बौद्ध संयुक्त समितीची शिफारस झाली. धम्मपालांनी १९२६ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश महाबोधी सोसायटी स्थापन केली. चिझिकचा लंडन बुद्धिस्ट विहार हे त्याच कामाचे फळ. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा बोधगया महंतांकडेच होती.

६. शेजारच्या दोन गोष्टी

पवित्र भूमीचा वाद फक्त आपलाच नाही. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चची किल्ली शतकानुशतके मुस्लिम कुटुंबांकडे आहे आणि आत कोणत्या ख्रिस्ती पंथाने कुठे, केव्हा प्रार्थना करायची हे ऑटोमन सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाने गोठवून ठेवले आहे. साम्राज्य गेले, पण फर्मानातली व्यवस्था राहिली. राज्यकर्त्याने वाद मिटवण्याऐवजी 'जैसे थे' ठेवला की तो वाद पुढच्या राज्यकर्त्याला वारशात मिळतो.

दुसरी गोष्ट आपल्या साऊथॉलच्या शीख शेजाऱ्यांची. पंजाबात गुरुद्वारेही महंतांच्या ताब्यात होते. शिखांनी अहिंसक मोर्चे काढले. १९२१ मध्ये नानकाना साहिब येथे त्यांचे मोठे हत्याकांड झाले. अखेर १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्याने व्यवस्थापन शिखांनी निवडलेल्या मंडळाकडे आले. हे इंग्रजी राज्यातच घडले, बोधगयेच्या कायद्याच्या २४ वर्षे आधी. मग बोधगयेत तसे का झाले नाही? पंजाबच्या गावागावांत शीख होते. बिहारमध्ये बौद्ध जवळजवळ नव्हतेच. कायदा करणाऱ्यांना मोजावी लागतील अशी माणसे आपल्याकडे नव्हती.

७. १९४९ चा कायदा काय सांगतो

बिहार विधिमंडळाने १९४९ मध्ये बोधगया टेंपल अ‍ॅक्ट केला आणि २८ मे १९५३ रोजी, वैशाख पौर्णिमेला, महाविहार नव्या समितीकडे आला. तरतुदी अशा: समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, हिंदूंमध्ये महंतही. सगळे भारतीय. गयेचे जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकार हिंदू अध्यक्ष नेमील, अशीही तरतूद होती. ती २०१३ च्या दुरुस्तीने गेली. हिंदू आणि बौद्ध दोघांनाही पूजेसाठी व पिंडदानासाठी प्रवेश. दोघांत वाद झाला तर निर्णय राज्य सरकारचा.

महंतांची एकहाती सत्ता या कायद्याने संपली, हे त्याचे श्रेय द्यायला हवे. पण चार-चार आणि वर सरकारी अध्यक्ष या रचनेत बौद्धांना आपल्या सर्वोच्च स्थानी बहुमत नाही.

या कायद्याची तारीख लक्षात ठेवा. तो १९४९ चा आहे आणि संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपला धार्मिक कारभार चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद १३ सांगतो की संविधानाआधीचे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेवढ्यापुरते रद्दबातल ठरतात. आपल्या बाजूचा मुख्य युक्तिवाद हाच आहे. दुसऱ्या बाजूने १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याचा आधार घेतला जातो. तो १५ ऑगस्ट १९४७ ची स्थिती कायम ठेवतो. हेही आपल्याला ठाऊक असावे.

आणखी एक आकडा. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे १.८ लाख बौद्ध होते. १९५६ ला नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि १९६१ च्या जनगणनेत हा आकडा ३२ लाखांच्या वर गेला. २०११ मध्ये तो ८४ लाख होता, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. १९४९ चा कायदा धम्मदीक्षेपूर्वीच्या भारतासाठी लिहिला गेला होता. भारतातले बौद्ध आज जे आहेत त्यांना त्याने कधी विचारलेच नाही. म्हणूनच १९९२ मध्ये भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली मुंबईहून बोधगयेपर्यंत यात्रा निघाली, त्यात महाराष्ट्रातले सामान्य उपासक-उपासिका होते. २०१२ मध्ये भदन्त ससाई सर्वोच्च न्यायालयातही गेले. सातशे वर्षे जी माणसे नव्हती, ती आता आली होती.

८. जमीन कसणाऱ्यांची गोष्ट

'पवित्र भूमी' म्हणताना आपण बोधिवृक्षाभोवतीच्या जागेचा विचार करतो. युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले क्षेत्र जेमतेम ४.८६ हेक्टर आहे. पण मठाकडे आसपासच्या गावांत हजारो एकर जमीन होती आणि ती कसणारे बहुतेक भुइयाँ समाजाचे भूमिहीन दलित होते. १९७८ पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या कार्यकर्त्यांसोबत त्यांनी आंदोलन केले. त्या लढ्यातून जमिनी मिळाल्या आणि काही ठिकाणी त्या थेट स्त्रियांच्या नावे झाल्या.

ही गोष्ट आपल्या सभांमध्ये फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी. महाविहाराच्या मुक्तीची भाषा करताना त्याच गावातल्या भुइयाँ कुटुंबाच्या घराचा, शाळेचा, शेताचा विचार नसेल, तर तो बाबासाहेबांचा धम्म नाही. कठड्यावरच्या कुरंगीच्या नावाइतकेच सातबाऱ्यासारख्या कागदावर आलेले त्या स्त्रियांचे नावही या भूमीच्या इतिहासाचा भाग आहे.

९. आपण काय शिकावे?

मौर्य, गुप्त, पाल, तुर्क, मुघल, इंग्रज आणि आता लोकनियुक्त सरकार. प्रत्येक राज्यात कारभार त्याच्याकडे राहिला, ज्याची माणसे तिथे होती आणि ज्याच्याकडे कागद होता. संघ होता तोवर वैष्णव राजाही अडचण ठरला नाही. संघ गेला तेव्हा एका गोसाव्याला कुणी अडवले नाही. म्हणून आपल्यापुढची कामेही दोनच: माणसे आणि कागद.

माणसे म्हणजे फक्त मोर्चा नव्हे. दोन वर्षांनी भारतात जाताना गोवा-केरळच्या आधी मुलांना बोधगया दाखवणे, तिथल्या भिक्खूंना आणि शाळांना नियमित दान देणे. २०११ च्या जनगणनेत सगळ्या बिहारमध्ये जेमतेम २५ हजार बौद्ध होते, त्यांना एकटे न सोडणे.

कागद म्हणजे अभ्यास. किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर आठवा. त्याचे स्मारक ठेवण्यावर कॅम्डेनमध्ये आक्षेप आला तेव्हा घोषणांनी काम झाले नाही. नियोजन चौकशीपुढे पुरावे आणि साक्षी मांडल्या गेल्या आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. बोधगयेच्या बाबतीत इथल्या खासदाराला पत्र लिहायचे असेल तर त्यात शिलालेख, तारीख आणि अनुच्छेद असू द्या. न तपासलेला फॉरवर्ड पुढे पाठवू नका. सम्मा वाचा आंदोलनालाही लागू होते. आपल्या एका चुकीच्या दाव्याने दहा खरे दावे संशयात येतात.

आणि हिंदू शेजाऱ्याशी बोलताना द्वेष नको. वंदनेचे दार सगळ्यांना उघडे असावे, ते संघाच्या काळातही होते. कारभार मात्र त्यांच्याकडे असावा ज्यांच्या साधनेसाठी ते स्थान आहे. ही मागणी कुणाच्याही विरोधात नाही.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी

१. वंदनेचा हक्क आणि व्यवस्थापनाचा हक्क यांतला फरक इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तुम्ही कसा समजावाल?
२. पालकालीन महादेवाचा शिलालेख कुणी पुढे केला तर आपले प्रामाणिक उत्तर काय असावे?
३. गुरुद्वारा कायद्याच्या लढ्यातून आपण काय घेऊ शकतो आणि कोणत्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे?
४. बोधगयेच्या आसपासच्या भूमिहीन कुटुंबांशी आपले नाते काय?

उत्तरे लिहून आणा. पुढच्या वर्गात मुलांनाही सोबत आणा, त्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

भवतु सब्ब मंगलं.